मंदीचा तळ कोठे असतो?

डिचोलीच्या खाणपट्ट्यातून पावसाळ्याच्या अखेरीस प्रवास करणाऱ्यास एक दृश्य हटकून दिसते. लाल मातीच्या ढिगांमधून एखादा जुना, बंद पडलेला खंदक अकस्मात समोर येतो आणि त्यात हिरवट निळे पाणी शांतपणे साचलेले असते. काठावर उभे राहून पाहणाऱ्याला पाणी दिसते, तळ दिसत नाही. हे पाणी दोन पुरुष खोल आहे की दहा पुरुष, ते काठावरून कोणालाच सांगता येत नाही. आणि जो सांगतो, त्याच्यावर विसंबून उडी मारणारा मनुष्य शहाणा ठरत नाही.

ह्या खंदकाची आठवण होण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. मध्यंतरी शेअरबाजार काही आठवडे सारखा उतरत होता. त्या दिवसांत माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील शाळेत मला भेटावयास आले. गृहस्थ पेडण्याकडचे. थोडी जमीन विकून आलेली रक्कम त्यांनी शेअरांत गुंतवली होती. मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन २०२२ च्या डिसेंबरात झाले, त्याच्या आगेमागे पेडणे तालुक्यात जमिनीला आलेले मोल आपण सर्वांनी पाहिलेच आहे. मुलीच्या प्रगतीविषयी दोन शब्द बोलून झाल्यावर त्यांनी खिशातून एक कागद काढला. तो पतपेढीच्या कर्जाचा अर्ज होता. ते म्हणाले, “सर, तुम्ही इतिहास शिकवता. भाव एवढे खाली आले आहेत. आता तरी तळ लागला असेल ना? घर गहाण ठेवून आणखी थोडे घ्यावेत म्हणतो.”

इतिहासाच्या शिक्षकाला बाजारभाव कळत नाहीत, असे सांगून मला मोकळे होता आले असते. परंतु त्यांच्याच पेडणे महालातील एका थोर पुरुषाची गोष्ट मला त्या क्षणी आठवली आणि त्यांना बसावयास सांगावे असे वाटले. ती गोष्ट आणि तिच्यातून निघणारा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

पेडणे महालातील मांद्रे ह्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात जन्मलेला एक मुलगा लहानपणीच मुंबईस गेला. एल्फिन्स्टन विद्यालयात त्याने नाव कमावले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत तो होता. हेच डॉक्टर भाऊ दाजी लाड. गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना, १८५२ साली निघालेल्या ‘बॉम्बे असोसिएशन’चे चिटणीसपद, अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन, महारोगावरील औषधाचा शोध, अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी मन घातले. असा हा बुद्धिमान, लोकहितदक्ष आणि विचारी पुरुष. तथापि १८६५ साली मुंबईचा शेअरबाजार कोसळला तेव्हा त्यात त्यांचेही मोठे नुकसान झाले. बुद्धी होती म्हणून ते वाचले नाहीत, हे आपण आरंभीच लक्षात ठेवले पाहिजे.

ते कोसळणे कसे घडले? १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण ह्यांच्यात यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस बंद झाला. गिरण्या चालू ठेवावयाच्या तर कापूस हिंदुस्थानातून आणणे भाग होते आणि त्याचे मुख्य बंदर होते मुंबई. भाव चढू लागले. लोकांनी गाद्यागिरद्यांतला जुना कापूस काढून विकला, अशी आठवण त्या काळाविषयी सांगितली जाते. नेहमीच्या भावाने जे मिळाले असते त्याहून सुमारे ७ ते ७.५ कोटी पौंड अधिक ह्या चारपाच वर्षांत मुंबईत आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

एवढा पैसा एका शहरात अल्पावधीत आला म्हणजे तो स्वस्थ बसत नाही. रोज नवी मंडळी निघू लागली. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये दर्शनी किमतीचा शेअर ५०,००० रुपयांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे ह्या तेजीचे अनभिषिक्त राजे. कोणत्या कंपनीचे किती शेअर कोणास मिळावेत, हे त्यांच्या चिठ्ठीवर ठरे. व्यापारी, वकील, कारकून, सरकारी अधिकारी, सगळेच ह्या नादी लागले.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे, कारण पुढच्या सर्व अनर्थाचे बीज तिच्यात आहे. त्या काळी शेअर घेताना पुष्कळदा पूर्ण रक्कम द्यावी लागत नसे. थोडी रक्कम भरावयाची, उरलेली कंपनी मागेल तेव्हा हप्त्याहप्त्याने द्यावयाची. म्हणजे शेअर ही मालमत्ता असली तरी तिच्या पोटात एक देणेही दडलेले असे. त्यात भर वायद्याच्या सौद्यांची. आज भाव ठरवावयाचा, पैसे आणि कागद यांची देवघेव पुढील ठराविक तारखेस. तिसरी गोष्ट अशी की, १८६३ साली मुंबई बँकेच्या नियमांतील जुनी बंधने सैल झाली आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्यास वाट मिळाली. कर्ज काढून शेअर घ्यावयाचा, तोच शेअर तारण ठेवून पुन्हा कर्ज काढावयाचे आणि त्यातून दुसरा शेअर घ्यावयाचा. भाव चढत होते तोवर ही शिडी उभी राहिली. ती भिंतीला टेकलेली नव्हती. माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी होती, इतकेच.

ह्याच काळातला आणखी एक गोमंतकीय वंशाचा ग्रंथकार येथे आठवतो. मडगावच्या घराण्यातील गोविंद नारायण माडगांवकर ह्यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले. मुंबईच्या वैभवाचे ते मराठीतील पहिले सविस्तर चित्र. ह्याच माडगांवकरांनी त्यापूर्वी ‘ऋणनिषेधक बोध’ ह्या नावाचे पुस्तकही लिहिले होते. कर्जाचा निषेध करणारा लेखक आणि कर्जावर उभी राहिलेली नगरी, दोघेही एकाच वेळी एकाच ठिकाणी नांदत होती. माडगांवकर १८६५ साली, म्हणजे कोसळण्याच्याच वर्षी, निवर्तले.

१८६५ च्या ९ एप्रिल रोजी अमेरिकेत दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. ती वार्ता मुंबईस पोहोचताच कापसाचा भाव उतरला आणि त्याच्यामागून शेअरांचा. वायद्याचे मोठे सौदे १ जुलै रोजी पुरे व्हावयाचे होते. त्यापूर्वीच काही मोठ्या पेढ्यांची दिवाळी निघाली होती. १ जुलै उजाडला तेव्हा ज्यांनी घेण्याचे कबूल केले होते त्यांच्यापाशी पैसे नव्हते आणि ज्यांना पैसे यावयाचे होते त्यांनी ते आधीच दुसऱ्यास देऊ केले होते. दिवाळखोरांची संख्या एवढी झाली की त्यांच्या व्यवहारांच्या उलगड्यासाठी सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला.

आता आपला प्रश्न विचारू या. तळ कोठे होता? १ जुलै १८६५ हा तळ होता काय?

त्या दिवशी उभ्या असलेल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक होते. ह्याहून वाईट काय होणार? कापसाचे भाव पडले, वायदे मोडले, मोठी घराणी बुडाली. आता जे उरले ते स्वस्त, असे समजून घेणारेही त्या वेळी असलेच पाहिजेत. कारण प्रत्येक विक्रीच्या दुसऱ्या टोकाला एक खरेदीदार असतो. परंतु पुढे काय झाले? १८६६ च्या मे महिन्यात लंडनची ओव्हरेंड गर्नी ही बलाढ्य पेढी बंद पडली आणि त्या धक्क्याने इंग्लंडातील व हिंदुस्थानातील अनेक बँका हादरल्या. त्याच वर्षी प्रेमचंद रायचंदांचेही दिवाळे निघाले. ह्यालाच तळ म्हणावे, तर मुंबई बँक अद्याप उभी होती. तिने शेअरांच्या तारणावर दिलेली कर्जे वसूल होत नव्हती. बँकेचा जो शेअर तेजीत २,८५० रुपयांस गेला होता तो ८७ रुपयांवर आला. १८६८ साली ती बँक मोडीत काढून त्याच नावाची नवी बँक स्थापन करावी लागली आणि जुन्या बँकेच्या कारभाराच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. पहिल्या धक्क्यापासून इथवर तीन वर्षे गेली.

ह्या तीन वर्षांत किती जणांनी किती वेळा ‘आता तळ लागला’ असे म्हटले असेल! येथे थोडा हिशेब करू. एखादा शेअर १०० रुपयांवरून २० वर आला. ८० टक्के उतरला. आता आणखी काय उतरणार, असे म्हणून आपण तो घेतला. तो पुढे १० रुपयांवर आला. वर्तमानपत्रात एवढेच छापून येईल की घसरण ८० ची ९० टक्के झाली. वाचणाऱ्यास फरक दहाचा दिसतो. पण २० रुपयांस घेणाऱ्याचे निम्मे पैसे गेले. भाव किती उतरला आहे ह्यावरून तळ ओळखता येत नाही, तो ह्यामुळे. शिखरापासून मोजलेले अंतर शिखराविषयी सांगते, तळाविषयी काही सांगत नाही.

मग मुंबईचा तळ आपण कशावरून ओळखावा? मला वाटते, तो १८६८-६९ च्या सुमारास आला आणि त्याच्या खुणा शेअरांच्या भावात शोधण्यापेक्षा शहराच्या जीवनात शोधाव्या लागतात. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती; १८७२ च्या शिरगणतीत ती ६,४४,४०५ भरली. पैशाच्या ओढीने आलेले लोक परत गेले होते. बुडीत कर्जे बुडाली म्हणून मान्य झाली होती. जॅक्सन आयोगापुढे हिशेबाच्या वह्या उघडल्या गेल्या होत्या. अर्धवट राहिलेल्या जमीन कंपन्यांपैकी एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता १८७० च्या सुमारास सरकारने घेतली आणि त्यातूनच १८७३ साली मुंबईचा पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. आणि १८६९ साली एका तरुण पारशी व्यापाऱ्याने चिंचपोकळीची बंद पडलेली तेलगिरणी विकत घेऊन तिची कापडगिरणी केली. हा तरुण म्हणजे जमशेटजी टाटा. त्यांच्या घराण्याच्या पेढीलाही १८६५ च्या मंदीने चांगलेच पोळले होते.

ह्या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्यावे. टाटांनी ती गिरणी घेतली, ती उद्या अधिक भावाने दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्यासाठी नव्हे. तिच्यात सूत काढण्यासाठी घेतली. पुढे दोन वर्षांनी त्यांनी ती नफ्याने विकली हे खरे, पण विकली ती चालती गिरणी. वस्तूचा भाव जेव्हा तिच्या उपयोगाच्या मोलापेक्षा खाली येतो आणि तिचा उपयोग करणारा मनुष्य रोख पैसे घेऊन पुढे येतो, तेव्हा तळ जवळ आला असे समजावयास आधार मिळतो.

ह्या मुंबईच्या अनुभवाला नंतरच्या काळातील अनुभव ताडून पाहिला म्हणजे तळाच्या तीन-चार खुणा हाती लागतात.

पहिली खूण ही की, ज्यांना विकणे भाग आहे त्यांची विक्री संपलेली असते. बाजार खरोखर कोसळतो तो भीतीने विकणाऱ्यांमुळे थोडा आणि सावकाराच्या तगाद्याने विकणाऱ्यांमुळे फार. भ्यालेला मनुष्य उद्या धीर धरील. सावकार दाराशी उभा असलेला मनुष्य धीर धरू शकत नाही. मुंबईत हप्त्यांची मागणी, वायद्याची देणी आणि बँकेची वसुली ह्या तिन्हींचा निकाल लागेपर्यंत भाव उतरतच राहिले.

दुसरी खूण ही की, वाईट वार्ता येते पण बाजार पूर्वीसारखा खचत नाही. २००८ च्या जानेवारीत मुंबईचा सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. २७ ऑक्टोबर २००८ रोजी व्यवहार चालू असताना तो ७,६९७ पर्यंत घसरला. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी खोट्या हिशेबांची कबुली दिली. त्या दिवशी बाजार ७ टक्क्यांहून अधिक पडला. मार्चात तो पुन्हा घसरून ९ तारखेस ८,१६० वर बंद झाला. परंतु एवढे सगळे होऊनही ऑक्टोबरातील ७,६९७ ची ती खालची रेषा मोडली नाही. दोन महिन्यांनी, १८ मे रोजी, निवडणुकीच्या निकालानंतर एकाच दिवसात २,११० अंशांची उसळी आली आणि व्यवहार थांबवावे लागले.

तिसरी खूण म्हणजे शांतता. न्यूयॉर्कचा बाजार १९२९ च्या ऑक्टोबरात कोसळला तेव्हा २९ तारखेस एका दिवसात १ कोटी ६४ लाख शेअरांची उलाढाल झाली. जगाने तो दिवस ध्यानात ठेवला. पण तो तळ नव्हता. डाऊ जोन्सचा आकडा सप्टेंबरातील ३८१ वरून नोव्हेंबरात १९८ वर आला, मग १९३० च्या एप्रिलापर्यंत २९४ वर चढला. संकट टळले असे पुष्कळांना वाटले. तेथून तो उतरत उतरत ८ जुलै १९३२ रोजी ४१ वर पोहोचला. त्या दिवशीची उलाढाल सात लाख शेअरांच्या थोडी वर होती. कोणी आरडाओरडा केला नाही. कारण आरडाओरडा करणारे बाजारात उरले नव्हते. जोवर चहाच्या दुकानात ‘तळ लागला काय?’ ही चर्चा चालू आहे, तोवर तळाविषयी साशंक राहावे. तळाच्या दिवशी हा प्रश्न विचारण्याचेही कोणाच्या मनात येत नाही.

चौथी खूण मी मघाशीच सांगितली. भाव आणि वस्तूची खरी कमाई ह्यांचा मेळ बसू लागतो.

परंतु ह्या खुणा सांगताना एक अपवादही सांगितलाच पाहिजे, नाही तर मी आपणांस फसविल्यासारखे होईल. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा २३ मार्च रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी पडून २५,९८१ वर आला. शांतता नव्हती, कल्लोळ होता. देशव्यापी टाळेबंदी दुसऱ्या दिवशी जाहीर झाली. साथीचे भयंकर दिवस तर अजून पुढेच होते. तरी बाजाराचा तळ तोच ठरला आणि नोव्हेंबरापर्यंत पूर्वीचे शिखर ओलांडले गेले. असे का व्हावे? माझ्या समजुतीप्रमाणे ह्याचे उत्तर पहिल्याच खुणेत आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने त्याच २३ मार्च रोजी अमर्याद रोखेखरेदी जाहीर केली. आपल्या रिझर्व्ह बँकेने २७ मार्च रोजी व्याजदर ४.४० टक्क्यांवर आणला आणि कर्जाच्या हप्त्यांना सवलत दिली. म्हणजे ज्यांना विकणे भाग पडले असते त्यांची मानगूट सावकाराच्या हातून सुटली. १८६५ साली तसे करणारा कोणी नव्हता; तेथे तीन वर्षे लागली, येथे काही आठवडे पुरले. काळ वेगळा, परंतु नियम एकच. शेवटच्या अगतिक विक्रेत्याची विक्री जेथे थांबते, तेथे तळ असतो.

आणि हा शेवटचा विक्रेता कोण, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तळाची तारीख इतिहासाच्या पुस्तकात सापडते, पंचांगात सापडत नाही.

आता थोडे आपल्या डिचोलीकडे वळू. २००८ ते २०११ ह्या काळात चीनच्या मागणीमुळे लोहखनिजाला सोन्याचे दिवस आले. २०१० च्या सुमारास गोव्यातून वर्षाला सुमारे ५ कोटी टन खनिज परदेशी जात होते. कर्ज काढून ट्रक घेतले गेले, बार्जी बांधल्या गेल्या. २०१२ च्या १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी तहकूब केल्या. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ‘दोन महिन्यांत सुरू होतील’ असे त्या वेळी आपण सर्व म्हणत होतो. २०१४ च्या एप्रिलात न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठविली. तेव्हा वाटले, तळ गेला. पण तोवर जगातील भावच उतरू लागला होता. २०११ च्या आरंभी टनाला १९० डॉलरांच्या आसपास असलेले खनिज २०१५ च्या डिसेंबरात ४० डॉलरांच्याही खाली आले. तोही तळ आपला नव्हता. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चात उत्खनन थांबले.

ह्यापुढची गोष्ट मला सर्वांत बोधप्रद वाटते. २०२१ च्या मे महिन्यात जागतिक बाजारात लोहखनिज २०० डॉलरांच्या वर गेले. आणि त्या दिवशी डिचोलीच्या खाणीत काय होते? पावसाची वाट पाहणारे पाणी. बाजाराचा तळ येऊन गेला, शिखरही येऊन गेले. डिचोलीच्या ट्रकवाल्याला त्याचा पत्ताही लागला नाही. २०२२ च्या डिसेंबरात खाणपट्ट्यांचा लिलाव झाला आणि डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ साली काम पुन्हा सुरू झाले. ज्यांचे ट्रक फेडलेले होते आणि घरी शेती किंवा दुसरा धंदा होता, त्यांनी ही वर्षे कशीबशी काढली. ज्यांचे ट्रक हप्त्यांवर होते त्यांना मात्र मातीमोल भावात ते द्यावे लागले. दोघांनाही तळ ओळखता आला नव्हता. फरक पडला तो देण्यामुळे.

ह्या बाबतीत मी स्वतःही शहाणा ठरलेलो नाही, हे कबूल करावयास हवे. २००८ च्या ऑक्टोबरानंतर ‘आता तळ लागला’ असे ठरवून मी, नुकताच नोकरीला लागलेला मास्तर, माझी सगळी शिल्लक शेअरांत घातली. माझा अंदाज फारसा चुकलाही नव्हता. पण ईस्टरनंतर बहिणीचे लग्न ठरले होते आणि मार्चात पैसे हवे होते. मार्चात विकले, ते नेमके तळाशी. मे महिन्यात बाजाराने उसळी घेतली तेव्हा मी लग्नाच्या मंडपवाल्याचा हिशेब पुरा करीत होतो. तळ मला जवळजवळ बरोबर ओळखता आला होता आणि तरीही त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. कारण त्या पैशाला तारीख होती. तो शेवटचा अगतिक विक्रेता, श्रोतेहो, त्या मार्चात मीच होतो.

आता पुन्हा डॉक्टर भाऊ दाजींकडे येऊ. १८६५ च्या नुकसानीनंतर त्यांचे काय झाले? त्यांची संपत्ती गेली, पण विद्या गेली नाही. वैद्यकी चालू राहिली, संशोधन चालू राहिले. १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा मुंबईचे शेरीफपद त्यांना लाभले. ज्या वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी मेहनत घेतली होती, त्याचा पायाचा दगड १८६२ साली तेजीच्या दिवसांत बसविला होता. मंदीत पैशाअभावी काम रखडले. अखेर २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी उघडले. १८७४ च्या ३१ मे रोजी भाऊ दाजी निवर्तले. १९७५ पासून ते संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. प्रेमचंदांच्या बाबतीतही हेच दिसते. तेजीत त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून मातोश्रींच्या नावे राजाबाई मनोरा उभा राहिला आणि १८७८ साली पुरा झाला. बॅक बेच्या शेअराचा कागद आज कोणाच्या घरी असल्यास तो केवळ स्मरणवस्तू म्हणून असेल. आणि ज्या दलालांनी हे सगळे पाहिले होते, त्यांनी दहा वर्षांनी, १८७५ साली, आपली संघटना नियमबद्ध केली. आजचा मुंबई शेअरबाजार तो हाच.

हे सर्व मी त्या गृहस्थांना एका बैठकीत सांगितले असे नाही. शाळेची घंटा झाली होती. मी त्यांना तीनच प्रश्न विचारले. हा पैसा कोणाचा? तो केव्हा लागणार? आणि भाव आणखी निम्मा झाला तर तुम्हांला विकावयास लावणारा कोणी असेल काय? पहिल्याचे उत्तर त्यांनी चटकन दिले. दुसऱ्याला ते थोडे थांबले. मुलगी बारावीला होती आणि जूनमध्ये महाविद्यालयाची फी भरावयाची होती. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलेच नाही. हातातल्या अर्जाकडे पाहिले.

‘तळ लागला काय?’ ह्या त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, कारण ते माझ्यापाशी नव्हते. आणि कोणापाशी असते, असे इतिहास वाचून मला वाटत नाही. ज्याच्यापाशी वेळ आहे आणि ज्याच्यावर देणे नाही, त्याने मंदीत चांगल्या धंद्याचे शेअर थोडेथोडे घ्यावेत. तळ चार महिने अलीकडे लागला की पलीकडे, ह्याने त्याचे फार बिघडत नाही. ज्याच्या पैशाला तारीख आहे किंवा ज्याच्या घराच्या कागदावर सावकाराचे नाव आहे, त्याला तळ अचूक सांगितला तरी तो तेथपर्यंत टिकेलच असे नाही.

मुलीच्या फीचे पैसे त्यांनी त्याच आठवड्यात बाजूला काढून पोस्टात ठेवले, असे तिनेच मला पुढे सांगितले. त्यासाठी थोडे शेअर तोट्याने विकावे लागले. बाकीचे तसेच आहेत. आणि पतपेढीचा तो अर्ज त्यांनी कोऱ्या बाजूने तिला गणिते सोडवावयास दिला.